अठ्ठावीस दिवसांचा ग्रह

विटक्लिप, कारू
९ मार्च

योलीन,

आधी एक दुरुस्ती. केपटाउनच्या वर्तमानपत्राने छापलंय की तुझा ग्रह ज्या दुर्बिणीने सापडला तिला साठ आरसे आहेत. एकसष्ट आहेत. एकोणीस वर्षं मी ते धुतोय, मोजण्यात माझी चूक होणार नाही. तुझ्या डॉक्टरेटच्या जेवणात तूही साठच म्हणाली होतीस, म्हणून वाटलं, बातमीदाराला तूच सांगितलं असशील.

आता अभिनंदन.

आपण बोललो त्याला पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. जर्मनीचा पत्ता दुर्बिणीच्या कचेरीतून घेतला. मागताना लाज वाटली. सख्ख्या भाचीचा पत्ता परक्याकडून घ्यावा लागतो, हे त्या कारकुनाच्या चेहऱ्यावर मला वाचता आलं.

इथे तुझी बातमी चर्चमध्ये वाचून दाखवली. सानी मावशी शेजारीच बसली होती. मला कोपर मारून म्हणाली, "पोरीला ग्रह दिसला म्हणजे नक्की काय दिसलं रे?"

म्हटलं, "दिसत नाही मावशी. ग्रह फिरताना ताऱ्याला ओढतो, तारा किंचित पुढेमागे डुलतो. ताऱ्याच्या उजेडाचे रंग पसरून पाहिले की त्यातल्या रेघा सरकलेल्या सापडतात."

"म्हणजे नवरा कुठे दिसत नाही, पण बायको डुलतेय त्यावरून घरात कोणीतरी आहे एवढं कळलं."

मागच्या बाकावरचे हसले. पाद्रीबाबाही हसले. पण मावशीला बरोबर समजलंय. वर्तमानपत्रापेक्षा बरोबर.

तुझा तारा सेकंदाला सव्वा मीटर वेगाने पुढेमागे होतो. "चालत्या माणसाच्या वेगाने," असं तू म्हटलंयस. तो हिशोब बरोबर आहे.

एकच विचारायचं होतं. अठ्ठावीस दिवस हा आकडा पक्का आहे का? साडेअठ्ठावीस, सव्वासत्तावीस असं काही नाही ना? चंद्राचा परिणाम नाही हे तू यावरूनच दाखवलंस, कारण चंद्राचे साडेएकोणतीस. ते मान्य. तरी पुन्हा बघ. आणि कळव.

तुझा मामा
आब्राम तितीस


२५ मे

योलीन,

उत्तर नाही. ठीक आहे.

शाळेच्या भिंतीवर तुझा ग्रह रंगवलाय. निळा, भोवती कडं. कडं कुठून आलं विचारलं तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तितीससाहेब, कडं नसलं तर लोकांना तो चेंडू वाटतो." त्यांनी मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी आरशांबद्दल बोललो: अॅल्युमिनियमचा थर किती पातळ असतो, स्पंज का चालत नाही, कापूस एकदा फिरवला की का टाकून द्यायचा. ग्रहाबद्दल काही बोललो नाही. लोकांना वाटलं, मामाला गहिवरून आलं. सगळ्यांनी निखाऱ्यावरचे पाव आणि मेंढीचं मटण खाल्लं. मी जेवलो नाही. पोट बरं नव्हतं.

केपटाउनला तुझ्या डॉक्टरेटच्या जेवणातूनही मी न जेवता निघालो होतो, ते तुझ्या लक्षात असेल. तू माईकवर म्हणालीस "साठ आरशांची दुर्बीण", मी मागून उभा राहिलो आणि "एकसष्ट" म्हणालो. तू हसून म्हणालीस, "मामा, तू आरसे पूस, आकाश आमच्यावर सोड." सगळे प्राध्यापक हसले. मीही हसलो असतो. पण तुझ्या आईने तुला माझ्या दारात आणून सोडलं तेव्हा तू सहा वर्षांची होतीस, आणि पुढच्याच आठवड्यात ती गेली. घरात तुला रमवायला काही नव्हतं. दुकानाच्या फुटक्या काचेचा एक तुकडा मी नऊ महिने वाळूने घासून दुर्बिणीचा आरसा केला, शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी पुस्तक वाचलं, आणि तुला शनीचं कडं दाखवलं. आकाश तुझ्यावर सोडणारा पहिला माणूस मीच. ते हसणाऱ्यांपैकी कोणाला हे माहीत नव्हतं. तुला होतं.

असो. कामाचं लिहितो.

तुझी मोजमापं ज्या यंत्रातून आली त्याची खोली आता छान चालली आहे. खोली म्हणजे खोलीतली खोली, दोन्ही दारं बंद, आतलं तापमान अंशाच्या शंभराव्या भागाच्या आत धरलेलं. परवा लुबे सांगत होता. लुबे म्हणजे इथला नवा इंजिनियर, वय एकतीस, हुशार आहे, स्क्रू मात्र उलटे पिळतो. म्हणाला, "आब्रामकाका, यंत्र मार्चपासून अगदी शहाण्यासारखं वागतंय. तुम्ही काही केलंत का?"

"मी काय करणार? मी आरसे पुसतो."

"नाही, मागे दर महिन्याला कुठेतरी जरासं हुळहुळायचं. आता बंद झालंय."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं आहे हो. पण का चांगलं आहे हे कळत नाही, तोवर मला झोप लागत नाही."

मलाही लागत नाही. पाठीमुळे.

आब्राममामा


२० जुलै

योलीन,

बातमी इथे पोचली. चिलीच्या दुर्बिणीने चार महिने तुझा तारा पाहिला, काही सापडलं नाही. ते एक वेळ चाललं असतं. दुर्बिणी दुर्बिणींत फरक असतो. पण आपल्याच दुर्बिणीच्या मार्चनंतरच्या मोजमापातही ग्रह नाही, हे कळलं तेव्हा कॅन्टीनमध्ये कोणी माझ्याकडे बघेना.

लुबेने कारण सांगितलं. "काका, ग्रह थांबत नसतात. निबंध छापून येईपर्यंत ग्रह आहे आणि छापून आल्यावर नाही, याचा अर्थ लोक एकच लावतात."

"काय लावतात?"

"आकडे कोणीतरी हाताने घडवले."

"योलीन? तिने आयुष्यात एक दशांश चिन्ह इकडचं तिकडे केलेलं नाही. मी शिकवलंय तिला."

"मी म्हणत नाही. तिकडचे लोक म्हणतात. ऑक्टोबरच्या दोन तारखेला तिची समितीपुढे सुनावणी आहे. तोवर कारण सापडलं तर ठीक. नाहीतर अवघड आहे."

इथे हिवाळा, दुर्बिणीच्या डोंगरावर बर्फ आहे. त्या बर्फातूनच केपटाउनहून डॉक्टर माबांद्ला आल्या, आपल्या प्रमुख. सगळ्यांना एकेक करून बोलावलं. मला विचारलं, "तितीस, परवानगीशिवाय कोणी त्या खोलीत जात होतं का?"

मी नाही म्हणालो.

उत्तर शब्दशः बरोबर आहे. माझ्याकडे किल्ली एकोणीस वर्षं आहे. मला परवानगी लागते असं कोणी, कधी, लेखी सांगितलेलं नाही.

बाईंनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही तिला वाढवलंत ना? तिच्याशी बोला. एकटी पडली आहे."

म्हणून हे पत्र. एकटी पडू नकोस.

मामा


१४ सप्टेंबर

योलीन,

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. आता सरळ लिहितो.

तुझा ग्रह म्हणजे मी आहे.

त्या जेवणानंतर मी घरी आलो आणि ठरवलं की मला फक्त आरसे पुसता येतात असं कोणी म्हणू नये. यंत्राच्या खोलीतलं तापमान एक तार वाचते आणि संगणकात टाकते. ती तार कोणीच कधी तपासत नव्हतं. माझ्याकडे पाऱ्याचा जुना थर्मामीटर आहे, अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत खुणा असलेला. ठरवलं, मी तपासणार. तार चुकतेय हे दाखवीन, मग बघू आकाश कोणाचं.

दर चौथ्या शुक्रवारी दुपारी दोन वाजता जनरेटरची चाचणी असते, तुला माहीत आहे. वीस मिनिटं दारांची घंटा बंद ठेवतात, संगणकाची नोंदही थांबते. त्या वेळी इंजिनियर खाली जनरेटरपाशी असतो. मी वर जायचो. बाहेरचं दार, आतलं दार, अकरा मिनिटं, परत. पहिली खेप १७ जून, तू निघून गेलीस त्या वर्षीची. शेवटची या वर्षी २१ फेब्रुवारी. छत्तीस खेपा, मध्ये एकही चुकलेली नाही.

उभा माणूस म्हणजे शंभर वॉटचा दिवा. घुमटात पाहुणे आले की मी तुला हेच सांगायचो: माणसं बाहेर जाऊ देत, दिवे जाऊ देत, हवा निवू दे, मग बघ. ते मी तुला शिकवलं आणि स्वतः तो दिवा घेऊन आत गेलो. तापमानाची तार भिंतीजवळ आहे, तिला फारसं कळलं नाही. पण यंत्राच्या लोखंडी मेजाने माझी ऊब धरली आणि ती सोडायला चार-पाच दिवस लावले. मेज केसाच्या हजाराव्या भागाइतकं फुगलं, रेघा सरकल्या, आणि तुला तारा चालताना दिसला.

अठ्ठावीस हा आकडा वर्तमानपत्रात वाचला तेव्हाच मला कळलं. चार आठवडे. आकाशात आठवडे नसतात, ते माणसाचे. मी वेंधळा असतो, एखादा शुक्रवार विसरलो असतो, कधी गुरुवारी गेलो असतो, तर तुला नुसती खरखर मिळाली असती आणि तू ती टाकून दिली असतीस. माझ्या काटेकोरपणामुळे त्याचा ग्रह झाला.

आणि मग मी घाबरलो आणि आत जायचं बंद केलं. त्यामुळे ग्रह मार्चमध्ये थांबला, आणि तो तू थांबवलास असं लोकांना वाटलं.

सोबत माझ्या वहीची पानं जोडली आहेत. छत्तीस तारखा, आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ, आणि पाऱ्याचे आकडे. तुझ्या मोजमापांवर ठेवून बघ, एकेक उंचवटा जुळेल. समितीला दाखव. माझं नाव घ्यावं लागेल, घे. लुबेला आणि बाईंना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला कळावं असं वाटलं.

मंगळवारी पोस्टात टाकतो. दोन तारखेच्या आत मिळेल.

मामा


१८ जानेवारी

योलीन,

तुझं पाकीट परवा आलं. हाताने लिहिलेला पत्ता पाहून सानी मावशी पोस्टातून धावत घरी आली. "उघड ना! बघतोस काय, बॉम्ब आहे का त्यात?" मी तिच्यासमोर उघडलं नाही. ती रागावून गेली.

तू एकच ओळ लिहिलीस. "मामा, थर्मामीटर वाचायला अकरा मिनिटं लागतात का?"

नाही. पारा स्थिरावायला तीन मिनिटं, वाचायला अर्धं.

उत्तर पूर्ण द्यायचं तर आधी दोन गोष्टी दुरुस्त कराव्या लागतील.

पहिली. "दोन तारखेच्या आत मिळेल" असं मी लिहिलं. ते खोटं होतं. विटक्लिपहून जर्मनीला पत्र पाच-सहा आठवडे घेतं, हे मला मार्चमधलं पत्र टाकतानाच पोस्टात सांगितलं होतं. कचेरीतला फोन जर्मनीला लागतो. कचेरीत बाई त्या आठवड्यात आलेल्या होत्या. माझ्या कार्यशाळेपासून त्यांच्या खोलीपर्यंत त्रेचाळीस पावलं आहेत. मी डोंगर उतरून सतरा किलोमीटर गाडी हाणत गावातल्या पोस्टात गेलो. कबूल तर करायचं होतं, पण ते वेळेवर पोचायला नको होतं. तिकीट चिकटवताना मला हे कळत होतं.

तुझी सुनावणी झाली, तू म्हणालीस, "कारण मला माहीत नाही, पण आकडे मी घडवलेले नाहीत," आणि उठून राजीनामा दिलास. हे मला सहा तारखेला लुबेने सांगितलं. माझं पत्र तेव्हा कुठल्या पोत्यात होतं देव जाणे. त्या दिवशी मी ती त्रेचाळीस पावलं चाललो.

बाई पुन्हा आल्या होत्या, त्यांना सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "तितीस, जुलैत मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो. तुम्ही परवानगीचं विचारलं होतं."

"तुम्हाला कळलं होतं मी काय विचारतेय."

"हो बाई."

त्यांनी खातरजमा करायची ठरवली. एकतीस ऑक्टोबर आणि अठ्ठावीस नोव्हेंबर, दोन्ही चार आठवड्यांच्या हिशोबातले शुक्रवार. मला त्या खोलीत अकरा मिनिटं उभं केलं. लुबे दाराबाहेर घड्याळ घेऊन. म्हणाला, "काका, नेहमी जसे उभे राहायचा तसेच राहा. हलू नका, उगाच पोट आत घेऊ नका." आम्ही दोघं हसलो. का हसलो कोण जाणे. दोन्ही खेपांनंतर चार-पाच दिवस तुझा तारा चालत राहिला, सेकंदाला सव्वा मीटर. लुबेने आलेख माझ्यासमोर ठेवला आणि बाहेर जाऊन सिगारेट ओढली.

अहवाल तुझ्या समितीकडे गेलाय. तुझ्यावर ठपका नाही, हे त्यांनी लेखी कळवलं असेलच. बाई म्हणाल्या की तुला परत बोलावलं होतं, तू नकार दिलास. बस कंपनीत वेळापत्रकं लावतेस म्हणे. त्याबद्दल विचारायचा मला हक्क नाही, विचारत नाही.

अहवालात माझ्याबद्दल लिहिलंय, "अप्रशिक्षित कर्मचाऱ्याकडून अनवधानाने झालेली चूक." मी बाईंकडे गेलो.

"'अनवधानाने' हा शब्द काढा."

"तो तुमच्याच भल्यासाठी आहे. त्यामुळे तुमची नोकरी राहतेय."

"माणूस किती तापतो हे मला माहीत होतं. मी लोकांना शिकवतो ते."

"तितीस, तुम्हाला शिक्षा हवी आहे. ती मी द्यायची नाही. जा, आरसे धुवा."

शब्द तसाच राहिला. किल्ली काढून घेतली. आरसे अजून मीच धुतो. माझ्यासारखे धुणारं दुसरं कोणी नाही, म्हणून.

दुसरी दुरुस्ती. वहीतले पाऱ्याचे आकडे. तारखा आणि वेळा खऱ्या आहेत. पाऱ्याचे पहिले दोनच आकडे खरे आहेत. तार बरोबरच होती, हे मला दुसऱ्या खेपेलाच कळलं होतं. तिसऱ्या खेपेपासून मी थर्मामीटर नेलाच नाही. चौतीस आकडे मी घरी, जेवणाच्या मेजावर बसून लिहिले, दिसायला खरे वाटतील असे. आकडे हाताने कोणी घडवले असं लोक विचारत होते ना, ते मी घडवले.

मग आत कशाला जायचो, असं तू विचारतेयस. तू ओळीत लिहिलं नसलंस तरी तेच विचारतेयस.

यंत्राचं वेळापत्रक कचेरीच्या फळ्यावर असतं. त्या पहिल्या वर्षीच्या जुलैपासून त्यावर तुझं आडनाव दिसायला लागलं. तू जर्मनीत, पण तुझ्या ताऱ्याचा उजेड आमच्या आरशांवर पडून एका केसाएवढ्या काचेच्या तारेतून त्या खोलीत उतरायचा. तुझ्याशी संबंध असलेली, मला जाता येईल अशी तेवढीच एक जागा होती. मी मेजापाशी उभा राहून बोलायचो. काय काय, आता सांगता येत नाही. मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तुझ्या खोलीचं छत गळत होतं, पत्रा बदलला. एकदा म्हटलं की साठ तर साठ, मरू दे. अकरा मिनिटं का, तर वर पोचायला तीन मिनिटं जायची, चौदाव्या मिनिटाला जनरेटर बंद करायची हाक ऐकू यायची आणि मला दोन्ही दारं सावकाश लावून खाली पोचायला तीन मिनिटं लागायची. जास्त थांबता आलं असतं तर जास्त थांबलो असतो.

हे सगळं मी फोनवर बोललो असतो तर तू उचलला असतास की नाही, मला माहीत नाही. पहिल्या वर्षी मी फक्त दोनदा लावला होता. तुला मी वाटेल तितक्या वेळा लावला असं भासवलं. दोनदा.

तुला आणखी काही मोजायचं असेल तर विचार. आता खरा आकडा देईन. विचारायचं नसेल तरी चालेल.

सव्वीस डिसेंबरला चौथा शुक्रवार होता. नाताळच्या सुटीमुळे डोंगरावर कोणी नव्हतं, खोली बंद होती. त्यानंतरचे आलेख लुबेने काल दाखवले. तुझा तारा अजिबात हलत नाही. या दुर्बिणीने इतका स्थिर तारा आजवर पाहिलेला नाही, असं तो म्हणतो. त्याच्याभोवती काहीही फिरत नाही.

आब्राम